विहिरीकडून तिसरं झाड

माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "थोरलीला आम्ही बोटं बघून घरात आणली." चेहऱ्याचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तोही बरा आहे की." मला त्याचा राग यायचा नाही. आमच्या घरात बोटांनाच किंमत होती, आणि माझी बोटं चांगली आहेत हे सांगायला लाजणाऱ्यांतली मी नाही.

धंदा संत्र्याच्या कलमांचा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, तो सुरू केला तेव्हा या सगळ्या मुलखात धान्याशिवाय कुणी काही लावत नसे. फळझाड म्हणजे कुंपणाशी आपोआप उगवलेलं काहीतरी, पोरांना दगड मारायला. मामंजी ओल्या गोणपाटात रोपं बांधून पाठीवर घेऊन गावोगाव फिरले. लोक विचारायचे, "फळ कधी?" ते सांगायचे, "पाच वर्षांनी." लोक हसायचे, चहा पाजायचे आणि वाटेला लावायचे. मग मामंजींनी डोकं चालवलं. शिक्षक, पोस्टमन, न्हावी, दवाखान्यातली नर्स, म्हणजे ज्यांच्या दारात रोज चार माणसं थांबतात त्यांच्या अंगणात दोन-दोन रोपं फुकट लावून दिली. पाच वर्षांनी न्हाव्याकडे दाढीला गेलेला माणूस संत्रं खाऊन घरी यायला लागला. त्यानंतर मामंजींना पाठीवर ओझं घ्यावं लागलं नाही. लोकच फाटकात रांग लावायला लागले.

कलमाचं काम बघायला सोपं असतं. आंबट लिंबाची बी पेरायची, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की तो झाला खुंट. त्याच्या सालीला उभी चीर द्यायची, वर एक आडवी, आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा. वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा लागला की खुंटाचा शेंडा कापायचा, आणि त्या एवढ्याशा डोळ्यातून पुढचं सगळं झाड येतं. मुळं लिंबाची, फळ संत्र्याचं. आता डोळा कुठल्या झाडाचा होता, हे भरणाऱ्यालाच माहीत. घेणाऱ्याला ते पाच वर्षांनी, फळ तोंडात टाकल्यावर कळतं.

म्हणूनच मामंजींनी घरात दोन कायदे केले होते. पहिला असा की, कुठलीही बाग पहिल्यांदा फळाला आली की ज्या हाताने डोळे भरले त्याच माणसाने तिथे जाऊन, मालकाच्या देखत, पहिलं फळ खायचं. मालकाने नंतर. दुसरा कायदा, चाकू घराबाहेरच्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. "रोपं विका, हात विकू नका," असं ते म्हणायचे, आणि ते एकदा म्हणाले की विषय संपला.

कायदा मोडला तर काय होतं, ते मी लग्न होऊन आले त्याच वर्षी पाहिलं. धाकट्या भाऊजींनी घाईघाईत लिंबाच्या दोनशे रोपांना संत्र्याच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. मामंजी ओरडले नाहीत. त्यांनी भाऊजींच्या हातातून चाकू काढून घेतला, पुसला आणि पेटीत ठेवला. भाऊजींचा हात घरात सगळ्यांत हलका होता, तरीही. त्या दिवसापासून भाऊजी माती, खत, पाणी आणि गिऱ्हाइकं बघतात. आमच्या ह्यांची बोटं जाड, ते चीर देतात की खुंट फोडतात तेच कळत नाही. त्यामुळे डोळे भरायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. घरातल्या सुनेला चाकू मिळाला म्हणून आसपासच्या नर्सरीवाल्यांनी नाकं मुरडली. माझे शंभरातले पंचाण्णव डोळे लागायला लागले तेव्हा ती नाकं सरळ झाली.

नदीपलीकडे एक टेकडी आहे. तिथे दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती, बत्तीस घरं. खाण आटत चालली होती, जमीन खडकाळ, आणि मामंजींचं म्हणणं असं की संत्र्याला अशीच पाणी न साठणारी जमीन लागते. बारा वर्षं ते टेकडीवाल्यांना सांगत होते. पण तिथे एका माणसाचं ऐकल्याशिवाय कुणी काही करत नसे, आणि त्या माणसाला आम्ही 'आधी-दाखवा' म्हणायचो. औषध द्या, बियाणं द्या, सोयरीक सुचवा, त्याचं उत्तर एकच. मामंजी दरवर्षी त्याच्यासाठी टोपलीभर संत्री न्यायचे. तो खायचा, सालं गोळा करून परत द्यायचा आणि म्हणायचा, "ही तुमच्या जमिनीतली झाली. माझ्या जमिनीतलं आधी दाखवा."

शेवटी मीच गेले आणि म्हटलं, "काका, तुमच्या जमिनीतलं दाखवायला तुमच्या जमिनीत झाड लावावं लागतं. मूल आधी दाखवा, मग लग्न करतो, असं म्हटलं असतंत का?" त्याची बायको आत शिलाई मशीनवर बसली होती, ती इतकी हसली की मशीन थांबलं. त्याने एकशेवीस रोपं सांगितली. बाकीच्या एकतीस घरांनी जाहीर केलं की याची गोड निघाली तर आम्हीही लावणार.

रोपं तयार करायची त्या वर्षी मामंजी तापाने आडवे झाले. काड्या एरवी तेच स्वतः कापून आणायचे. आमच्याकडे विहिरीपासून फाटकापर्यंत आठ आईझाडांची ओळ आहे. ही झाडं फळांसाठी नाहीत, फळांची बाग वेगळी आहे. काड्यांसाठी ती सारखी छाटतो, त्यामुळे त्यांना फळ धरायला उसंतच मिळत नाही. अंथरुणातून मामंजी म्हणाले, "टेकडीसाठी तिसऱ्या झाडाच्या काड्या घे." मी फाटकातून आत आले, एक, दोन, तीन मोजलं आणि काड्या कापल्या. एकशेतीस डोळे भरले, एकशेचोवीस लागले. टेकडीवर रोपं गेली तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

दोन वर्षांनी आधी-दाखवा तक्रार घेऊन आला, झाडाला काटे फार आहेत. मी म्हटलं, "तरुण झाड आहे. तुम्ही तरुणपणी काय गुळगुळीत होतात?" उचलली जीभ लावली टाळ्याला. बियांपासून वाढलेल्या झाडाच्या काडीला काटे जास्त येतात हे मला माहीत होतं, पण तेव्हा डोक्यात आलंच नाही.

ते आलं तिसऱ्या वर्षी. शेतकी शाळेतून एक मास्तर बघायला आले होते आणि मामंजी त्यांना ओळ दाखवत होते. मी मागे चहा घेऊन उभी. मामंजी विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "हे पहिलं. हे दुसरं. आणि हे तिसरं, आमच्या घराला नाव मिळवून देणारं." मी ट्रे कठड्यावर ठेवला आणि ओळ पुन्हा मोजली. ही झाडं लावली तेव्हा मामंजी विहिरीतून पाणी काढून एकेका झाडाला घालत गेले होते, त्यामुळे त्यांच्या लेखी पहिलं झाड विहिरीजवळचं. मी या घरात फाटकातून आले. माझ्या लेखी पहिलं झाड फाटकाजवळचं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आम्ही दोघं एकच ओळ दोन टोकांकडून मोजत होतो, आणि एकमेकांना विचारायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

फाटकाकडून तिसरं ते विहिरीकडून सहावं. मी सहज विचारल्यासारखं केलं, "मामंजी, ते सहावं कसलं हो?"

"ते होय? बियाचं आहे," ते म्हणाले. "जोमाने उगवलं म्हणून ठेवलं. फळ कसं आहे कुणास ठाऊक. सावली पडते म्हणून दरवर्षी छाटतो, धरू कुठे दिलंय." मामंजी माणसाला तोडून बोलतील, पण त्यांना झाड तोडवत नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रोपं लहान होती, बदलून देता आली असती. मी घाबरले, हेच खरं कारण, बाकी सगळी मनाची समजूत. माझ्या डोळ्यासमोर भाऊजी यायचे, हातात पाण्याची नळी घेऊन उभे असलेले. डोळा भरून झाल्यावर पट्टीची शेवटची गाठ मारताना मला जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्याच कामात वाटलं नाही, स्वयंपाकात तर नाहीच नाही. चाकू गेला असता तर मी या घरात कोण, हे मला सांगता आलं नसतं. आणि वर आशा होतीच. बियाचं झाड गोड निघूही शकतं. शंभरात एखादं निघतं.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं मी ती आशा धरून काढली. मग एका सकाळी टेकडीवरून निरोप आला, फळं पिकली आहेत, या.

मामंजींचे गुडघे चढ चढण्यातले उरले नव्हते, म्हणून मी आणि आमचे हे निघालो. बसमध्ये मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी एक स्टॉप जाईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं, मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी खाऊन तर बघ."

"आणि आंबट निघालं तर?"

"तर मूठ उघडायची. तुझ्या शेजारी मी उभा आहेच. मला मोजता येतं, एवढं मात्र सांगेन सगळ्यांना."

टेकडीवर बत्तीसच्या बत्तीस घरं जमली होती. घराघरांतून स्टुलं, खुर्च्या आणून बागेत मांडल्या होत्या. झाडं अशी देखणी झाली होती की दुसऱ्या कुणाची असती तर माझा जळफळाट झाला असता. आधी-दाखवाने सांगितलं, चार महिने एकाही पोराला, एकाही पाखराला फळाला तोंड लावू दिलेलं नाही, कारण पहिलं फळ तुम्ही खायचं असं तुम्ही बजावलं होतंत. त्याने झाडावरचं सगळ्यांत मोठं संत्रं दोन्ही हातांनी तोडून माझ्या हातात दिलं.

खाण्याआधी सांगायचं असं मी ठरवलं होतं. सांगितलं नाही. आशा फार वाईट. मी साल काढली, रंग सुरेख होता, वासही बरा. एक फोड तोंडात टाकली आणि माझे कान बधिर झाले. असलं आंबट मी आजवर खाल्लेलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते आंबटपणाचं होतं की कशाचं हे मलाही सांगता येणार नाही.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात मागून एक म्हातारा मला वाचवायला म्हणून बोलला, "पहिल्या बहराचं असंच असतं म्हणतात. पुढच्या वर्षी गोडी उतरते. नाही का हो?"

आणि ते खोटं नाही. पहिल्या वर्षीचं फळ बहुतेकदा थोडं आंबटच असतं, नर्सरीवाले सगळे हेच सांगून वेळ मारून नेतात. मी नुसती मान हलवली असती तरी मला एक वर्ष मिळालं असतं. कदाचित दोन. हे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या वर्षीही आंबटच येणार. चूक माझी आहे. मी दुसऱ्याच झाडाचे डोळे भरले. अडीच वर्षांपूर्वी मला ते कळलं आणि मी गप्प बसले."

आधी-दाखवाने माझ्या हातातली एक फोड घेतली, खाल्ली, आणि त्याचं तोंड असं झालं की एरवी मी हसले असते. तो खाली स्टुलावर बसला. पाच वर्षं त्या माणसाने खडकातून पाणी चढवलं होतं. मला वाटलं, यापेक्षा त्याने मला शिव्या दिल्या तर बरं.

त्याची बायको पुढे आली. तिने विचारलं, "मुळं चांगली आहेत ना?"

"मुळं पक्की आहेत," मी म्हटलं. "फांद्या कापून नव्या फुटीवर पुन्हा डोळे भरता येतात. दोन वर्षांत, फार तर तीन, गोड फळ येईल. मी स्वतः येऊन भरते. तुम्ही फक्त पाणी द्या."

"म्हणजे बुंधा तोच ठेवून डोकं बदलायचं."

"हो."

"मग बदला की," ती म्हणाली. "ह्यांचं बदलता येत असतं तर तेही आजच सांगितलं असतं." पहिला हसला तो आधी-दाखवाच. मग बाकीचे. मी मात्र मघापासून धरून ठेवलेलं रडू सगळ्यांसमोर रडून घेतलं. पण रोपांची मागणी एकाही घराने केली नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरी आले तेव्हा मामंजी शेडमध्ये लिंबाच्या बिया राखेत चोळून धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"किती झाडं?"

"एकशेवीस."

"पहिल्या बहराचं आहे असं का नाही म्हणालीस?"

"तोंड इतकं आंबट झालं होतं मामंजी, खोटं बोलायला उघडेचना."

ते हसले नाहीत. "आधी ते नीट करून ये," म्हणाले. "चाकूचं मग बघू."

ते 'मग बघू' मला पुढचे चार महिने पुरलं. मी जाऊन फांद्या कापून आले, कापल्या जागी चुना लावला, आणि नवी फूट करंगळीएवढी झाल्याचा निरोप येईपर्यंत घरात कुणाशी धड बोलले नाही. काड्या कापायच्या दिवशी मामंजी स्वतः काठी टेकत ओळीपर्यंत आले. विहिरीपासून सुरुवात करून एकेका झाडावर काठी आपटत मोठ्याने म्हणाले, "एक. दोन. तीन." बालवाडीतल्या बाई म्हणतात तसं. मीही त्यांच्यामागून म्हटलं. भाऊजी पलीकडे पाणी घालत होते, ते पाठ फिरवून हसत होते हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

टेकडीवर मी आधी-दाखवाच्या घरी उतरले. शिलाई मशीनच्या खोलीत माझी खाट घातली होती. कामाचा अंदाज मी घरी बसून केला होता आणि तो साफ चुकला. झाडाला पाच-पाच फुटी, प्रत्येक फुटीवर दोन डोळे, म्हणजे एक गेला तर दुसरा. झाले बाराशे. नर्सरीत वाफ्यात बसून मी दिवसाला तीनशे भरते. इथे उतारावर, शिडीवर, पाय घसरत, दिवसाला नव्वद झाले तर डोक्यावरून पाणी. ओल्या गोणपाटातल्या काड्या आठ दिवस टिकतात. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि खालच्या ओळीतल्या झाडांची साल सुटेनाशी झाली. साल सुटली नाही तर डोळा बसत नाही. संध्याकाळी काड्या मोजल्या, दिवस मोजले, आणि शिडीवरच बसून राहिले.

आधी-दाखवाची बायको तीन दिवस माझ्या मागे मागे पट्ट्या कापून देत होती. ती म्हणाली, "ताई, मी चाळीस वर्षं काज करते आहे. तुझं हे काजच आहे. चीर द्यायची आणि आत काहीतरी नीट बसवायचं. दे इकडे."

"आमच्या घरात चाकू बाहेर देत नाहीत," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पट्ट्या कापायला लागली. आणखी एक शब्दही बोलली नाही, आणि त्यानेच मला लाज वाटली. झाडं तिची, पाच वर्षं तिची, आंबट खाल्लं तिने, आणि मी तिला घरचे कायदे सांगत होते. माझा चाकू तसाही जाणारच होता. मग निदान झाडं तरी नीट होऊ देत. मी शिडीवरून उतरले आणि तिला चाकू दिला.

छाटलेल्या फांद्यांवर मी तिला एक दुपार शिकवलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन शेजारणी आणल्या. त्यांनी आणखी आणल्या. शेवटी सात जणी झाल्या, घरोघरच्या चाकूंना दगडावर धार लावून आलेल्या. त्यांत वस्तीवरची सुईण होती, शाळेत घंटा देणारी होती, आणि खाणीवर खडी फोडणारी एक दांडगी बाई होती, जिच्या हातात चाकू दिसतच नसे. गप्पा तर अशा रंगायच्या की डोळे उलटे बसतील अशी मला धास्ती. मी ओरडायचे, त्या हसायच्या. खोटं कशाला बोलू, इतकं मजेचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

सहाव्या दिवशी भाऊजी काड्यांचा दुसरा गठ्ठा घेऊन आले. बागेत शिरले आणि सात बायकांच्या हातांत सात चाकू बघून जागीच उभे राहिले. खडीवालीने त्यांना विचारलं, "दादा, बघा हो, हे बरोबर आहे का?" आणि आपला चाकू त्यांच्यापुढे केला. भाऊजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बराच वेळ तिच्या फांदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चीर खोल जाते आहे. सालीपुरतीच द्या, लाकडाला लागू देऊ नका. हां. आता पातं आडवं करून साल उचला. सावकाश." त्या दिवशी ते शेवटच्या बसपर्यंत थांबले, झाडाझाडाखाली फिरून सगळ्यांना सांगत राहिले, आणि एकदाही हात पाठीमागून पुढे आणले नाहीत. निघताना मला म्हणाले, "वहिनी, घरी मी काही बघितलं नाही." मला त्या माणसाची फार माया वाटली.

खालच्या ओळींना रात्री पाणी पाजून साल सुटेल तशी पहाटे भरली, आणि नवव्या दिवशी बाराशेवा डोळा बसला. तीन आठवड्यांनी मी बघायला गेले. डोळ्याशेजारी पानाच्या देठाचा तुकडा ठेवलेला असतो. बोट लावताच तो गळून पडला तर डोळा लागला, वाळून चिकटून बसला तर मेला. आम्ही आठजणी झाडामागून झाड बोटं लावत गेलो. देठ गळाला की बायका एकमेकींना हाका मारायच्या. दोन्ही डोळे मेलेल्या फुटी अगदी थोड्या निघाल्या, आणि ज्यावर एकही लागला नाही असं झाड एकही नव्हतं. एकशेवीसच्या एकशेवीस झाडांना आता नवं डोकं होतं. खालच्या अंगाला दोन शेजारी जमिनीत दोरी धरून खड्ड्यांच्या खुणा करत होते. मी विचारलं, कशाला? त्यांतला एक म्हणाला, "पुढच्या वर्षी काड्या द्याल ना? खुंट मात्र आमच्या बायका इथेच पेरतो म्हणताहेत."

म्हणजे टेकडीवर झाडं होणार होती, आणि टेकडीवर नर्सरीही होणार होती. ती माझ्यामुळे होणार होती.

घरी आले. मामंजी शेडमध्येच होते, लांब टेबलावर नुकत्याच धुतलेल्या बिया पसरत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "झाडं नीट झाली," मी म्हटलं. "पण मामंजी, आणखी एक सांगायचं आहे. मी तिथल्या सात जणींना चाकू शिकवला."

त्यांनी वर बघितलं. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही." मी कमरेचा चाकू काढला आणि त्यांनी मागायच्या आधीच टेबलावर, बियांमध्ये ठेवला. त्यांनी चाकूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बिया पसरायला लागले. एक सबंध रांग पसरून झाली.

"त्यांचे किती लागले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सरासरी शंभरात सत्तर."

"सगळ्यांत कमी कुणाचे?"

"खडी फोडणारी एक आहे. तिचे पन्नासच लागले. साल फाटते तिच्या हातून."

"पन्नास," मामंजी म्हणाले, एखाद्याच्या आजारपणाची बातमी ऐकावी तसं. त्यांनी हातातल्या बिया खाली ठेवल्या. "म्हणजे उद्या ती बाई गावोगाव रोपं विकणार, त्यातली अर्धी मरणार, आणि लोक म्हणणार हिला आमच्या घरातून शिकवलंय. माझ्या हयातीत हे नको. परवा परत जा. तिचे नव्वद लागेपर्यंत येऊ नकोस."

मी बघतच राहिले. मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली असेल.

"बघतेस काय?" ते म्हणाले. "आणि तो चाकू उचल आधी. बिया ओल्या आहेत, पातं गंजेल."

मी चाकू उचलला, कोरडा पुसला. मला रडायचं होतं, पण परवाच्या बसची वेळ विचारायला ह्यांना शोधत बाहेर पळाले.